तीन जिने चढून

ता. ९ ऑगस्ट

चि. डॉक्टरीणबाईंना मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. घरात फोन असताना म्हातारा कागद का काळे करतोय, असं वाटेल. परवा तू फोन केलास, माझ्या नरड्यातून निघालेला आवाज ऐकलास आणि रडायलाच लागलीस. त्यापेक्षा हे बरं. कागदावर माझा आवाज अजून खणखणीत आहे.

बातमी अशी. रेडिएशन झालं, सलाइनमधून द्यायची औषधं झाली, आणि घशातली गाठ पुन्हा उगवली. आता ती मानेवर बाहेरूनही फुटली आहे. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, तुझ्या मामेभावाला बाजूला घेऊन काही सांगितलं, आणि मला म्हणाले, आजोबा, आता घरी आराम करा, त्रास झाला तर या. केवढा त्रास झाला तर, ते कोणी सांगितलं नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर पाठवलं, आता माझा नंबर लागला, असं मी पाटीवर लिहून दाखवलं, तर तुझी मामी पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कानात कोणीतरी तापलेली सळई फिरवतंय असं होतं. आवंढा गिळायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. तापावरच्या गोळ्या घेतो, त्यांना हे दुखणं भीक घालत नाही. आडवं होता येत नाही म्हणून बसून राहतो. मग मामीही बसून राहते.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा म्हणशील. कोणत्या तोंडाने जाऊ? आवाज बसला तेव्हा घशात टॉर्च मारून पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं होतं. म्हणाले, हे माझ्या हातचं नाही, उशीर न करता घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते मला येऊन सांगा. तुझ्या मामेभावाने परस्पर मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि पुढे आम्ही त्यांच्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. आता तिकडून हात हलवत परत आलो म्हणून यांच्या दारात जायचं? मामी तर त्यांची नजर चुकवायला मागच्या गल्लीने भाजी आणते.

बाकी ठीक. आहे तोवर तुझी माया अशीच मिळत राहो.

तुझा मामा

ता. १६ ऑगस्ट

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडले, चुकलं. दिवसभर दवाखान्यात बसून दुसऱ्यांना धीर देणारी मी, घरच्या माणसाचा आवाज ऐकला आणि सगळं शिक्षण वाहून गेलं.

आता डॉक्टर म्हणून बोलते. तापावरच्या गोळ्यांनी हे थांबायचं नाही. आणि हे दुखणं सोसायचं नसतं मामा, सोसल्याबद्दल शेवटी कोणी बक्षीस देत नाही. यावर मॉर्फिन आहे. पण ते समोर बसून, तुमचा चेहरा बघून, कमी-जास्त करत द्यावं लागतं. एवढ्या लांबून मला ते जमणार नाही. हॉस्पिटल रोग बघतं, आणि रोगावरचे उपाय संपले की त्यांची फाइल मिटते. माणूस मात्र घरी जागाच असतो. त्याच्याकडे कोणी बघायचं?

आमच्या बाजूची गोष्ट सांगते. आम्ही चिठ्ठी लिहून पेशंट मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो आणि तो तिकडचाच होऊन जातो. तिथून कागद येत नाही, निरोप येत नाही. आपणहून विचारायला जावं तर नको तिथे नाक खुपसल्यासारखं वाटतं. मग कधीतरी औषधाच्या दुकानदाराकडून कळतं की ते गेले. तुमच्या डॉक्टरांचंही असंच झालं असणार. तुम्ही लाजून घरात, ते मान सांभाळून दवाखान्यात, आणि दुखणं मधल्या मधे मोकाट.

म्हणून तुम्हाला न विचारता मी आजच त्यांना सविस्तर पत्र टाकलंय. हवं तेवढं रागवा. पण ते आले तर दार उघडा.

मामींना माझा नमस्कार सांगा, आणि भाचीवरचा लोभ रागाच्या वर राहू द्या.

तुमची,
डॉक्टरीणबाई

ता. २८ ऑगस्ट

चि. डॉक्टरीणबाईंना अ. उ. आ.

रागावणार होतो, पण त्या आधीच डॉक्टर आले. लिफ्टवाला राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही, हे तुला ठाऊकच आहे. तीन जिने चढून आले आणि खुर्चीत बसून माझ्यापेक्षा मोठ्याने धापा टाकायला लागले. मामीने पाणी दिलं. तुझं पत्र खिशात होतं. दोघेही काही बोलेनात. मला तर बोलताच येत नाही, त्यांना काय झालं होतं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "तुम्हाला आता माझी गरज नाही, असं मी धरून चाललो होतो. मीच यायला हवं होतं."

मग त्यांनी सगळी फाइल वाचली. यातलं तुम्हाला कोणी काय समजावून सांगितलंय, असं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तुम्हाला काय काय जाणून घ्यायचंय, असं विचारलं. हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मी पाटीवर लिहिलं, किती? मामी उठून जाऊ लागली तर डॉक्टरांनी तिला हाताने खाली बसवलं आणि म्हणाले, "महिने धरू नका. आठवडे धरा." त्यानंतर, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, घरात आम्ही दोघे एकाच गोष्टीबद्दल बोललो. तोवर ती माझ्यापासून लपवत होती आणि मी तिच्यापासून.

तुझ्या मॉर्फिनचं विचारलं तर त्यांनी सरळ कबूल केलं की एवढ्या वर्षांत आपल्या हाताने कोणाला ते दिलेलं नाही आणि त्यांना त्याची भीती वाटते. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून स्वतः हॉस्पिटलातल्या दुखण्याच्या विभागात गेले, पेशंटांच्या रांगेत उभे राहिले, सगळं विचारून घेतलं आणि औषध घेऊन आले. मुलाचा त्याच्या नोकरीच्या गावाहून फोन आला की बाबांना व्यसन लागेल. मी लिहिलं, लागू दे की, एवढ्या उशिरा लागलेलं व्यसन किती दिवस टिकणार! पहिले दोन दिवस नुसता गुंगीत होतो. आता सळई आहे, पण निवलेली. पोट साफ राहावं म्हणून दुसरं औषध आहे, त्याची चौकशी डॉक्टर रोज इतक्या आपुलकीने करतात की मामी तोंड फिरवून हसते. काल मी आडवा होऊन झोपलो. मामीही झोपली.

हात लवकर दमतो. पत्र लहान झालं तरी माया तेवढीच समज.

मामा

ता. १९ सप्टेंबर

चि. डॉक्टरीणबाई हिला मामीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ह्यांना आता पेन धरवत नाही म्हणून मी लिहिते आहे. अक्षर लावून घे. पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागतं. मानेवरची जखम मोठी झाली आहे, वास येतो. डॉक्टर रोज दुपारी येऊन ती स्वतः धुतात. मी खिडक्या उघड्या ठेवते.

मुलगा आला आहे. आल्या आल्या त्याने गाडी बोलवायची भाषा सुरू केली. हॉस्पिटलात ठेवू, पोटात नळी घालून अन्न देऊ, कोणी तरी काही तरी करेल, म्हणाला. डॉक्टर आले तर त्यांच्या अंगावर गेला, की तुम्ही हात टेकलेत म्हणून आम्ही पण टेकायचे का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी हात धुतले, ट्रे त्याच्या हातात दिला, नीट धर म्हणाले, आणि पट्टी सोडली. त्याने उघडी जखम आजवर पाहिलेली नव्हती. ट्रेमधला चिमटा वाजायला लागला. पण त्याने शेवटपर्यंत धरला हो. मग गॅलरीत जाऊन उभा राहिला. डॉक्टर त्याच्या मागे गेले आणि नळीने काय होईल, काय होणार नाही, ते त्याला शांतपणे सांगत बसले. नंतर ह्यांच्यापुढे पाटी धरून विचारलं, कुठे राहायचं? ह्यांनी 'घर' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण सगळ्यांना वाचता आलं.

तुला विचारायचं ते वेगळंच आहे. जाताना डॉक्टरांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाले की गाठ मानेतल्या मोठ्या शिरेजवळ आहे, एखादे वेळी एकदम रक्त येईल आणि मग हातात फार वेळ नसेल. गडद रंगाच्या चादरी आणि टॉवेल उशाशी ठेवा, पांढऱ्यावर रक्त फार दिसतं आणि माणूस घाबरतो. धावपळ करू नका, मला फोन करा आणि त्यांच्याजवळ बसा. असं कोणी सांगतं का ग? मला त्यांचा इतका राग आला की जिन्यापर्यंत पोचवायलाही गेले नाही. पण चादरी काढून ठेवल्या आहेत.

तुला दवाखाना सोडून येणं अवघड, हे कळतं. तरी म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

तुझी मामी

ता. २४ सप्टेंबर

ती. मामींना सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. मी त्यांच्या जागी असते तर मला ते सांगायचा धीर झाला असता की नाही, माहीत नाही. कदाचित तसं काही होणारही नाही. झालं तर ते म्हणाले तसंच करा. रक्त थांबवायच्या मागे लागू नका, मामांना तुमचा चेहरा दिसेल अशा बसा. औषधाची वेळ एकदाही चुकवू नका. शनिवारी दवाखाना बंद करून निघते आहे.

दोघांच्या पायांवर डोकं. भेटेपर्यंत लोभ आहेच.

तुमची भाची

ता. १५ ऑक्टोबर

चि. डॉक्टरीणबाई हिला आशीर्वाद.

तू शनिवारी निघायच्या आतच सगळं झालं. आलीस, चार दिवस राहिलीस, पण माणसांच्या वर्दळीत आपलं बोलणं झालं नाही. तू विचारलंही नाहीस. म्हणून आज लिहिते.

दुपारची वेळ होती. मुलगा औषध आणायला गेला होता. ह्यांनी माझा हात दाबला आणि मानेकडे बोट केलं, तोवर पट्टी भिजली होती. मी डॉक्टरांना फोन केला, एवढंच म्हटलं की आलंय. तपकिरी चादर मानेशी धरली आणि समोर बसले. माझे हात कापत नव्हते, याचं मला अजून नवल वाटतं. काय चाललंय ते मला माहीत होतं ना. माहीत नसतं तर मी जिन्यात जाऊन ओरडत बसले असते, आणि हे एकटे गेले असते. मी काहीबाही बोलत राहिले, काय ते आठवत नाही. हे माझ्याकडेच बघत होते.

डॉक्टर कसे चढून आले देव जाणे. आले आणि त्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं. ह्यांचे डोळे त्यांच्याकडे वळले, मग मिटले. नाडी पाहून ह्यांचा हात खाली ठेवल्यावर डॉक्टर तिथेच फरशीवर बसले. मला वाटलं आता यांनाही काही होतंय. थोड्या वेळाने उठले, बाह्या वर केल्या, बादली कुठे आहे विचारलं आणि सगळी फरशी पुसून काढली. मी नको नको म्हणत होते. तर म्हणाले, "पोरगा येईल आता. त्याने हे बघायला नको." मुलगा आला तेव्हा वडील स्वच्छ चादरीवर होते. त्याला हे अजून माहीत नाही, तूही सांगू नकोस.

तुम्ही सगळे गेल्यावर घर खायला उठलं. दुपार झाली की कान जिन्याकडे जायचे. गेल्या आठवड्यात खरंच पावलं वाजली. डॉक्टर होते. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या दाखवा म्हणाले. मी दाखवल्या, तर पाकीट उन्हाळ्यातलं, अर्धं तसंच. इतके महिने त्या घ्यायच्या असतात हे मी विसरूनच गेले होते. त्यांनी हाताला पट्टा बांधून पाहिलं आणि रागावले. मी म्हटलं, आता कोणासाठी घेऊ? त्यांनी पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. मला तीन जिने आता झेपत नाहीत, सोमवारी तुम्हीच खाली या, एवढंच म्हणाले आणि गेले.

आज सोमवार. पुढच्या रस्त्याने दवाखान्यात गेले. बाकावर बायकांनी सरकून जागा करून दिली. माझा नंबर आला तेव्हा आत गेले, स्टुलावर बसले. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय होतंय?"

मला काही सांगताच येईना. बाहेर माणसं ताटकळली होती, एक लहान मूल रडत होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते थांबले. मी बोलायला लागेपर्यंत थांबले.

ये सवडीने. आता मीच एकटी उरले आहे, तेव्हा दोघांच्या वाटणीचा जीव मला लाव.

तुझी मामी