पाण्याचा हिस्सा

बा,

तुला जाऊन नऊ पावसाळे झाले, त्यातले अर्धे कोरडेच गेले. मी धर्माबादच्या स्टँडावर बसलोय. मुखेडची गाडी अजून लागली नाही. मिरचीची पोती शेजारीच पडलीत, डोळ्यांना धार लागलीय ती त्यांच्यामुळे, तुझ्यासाठी नाही. तुझ्यावरचा राग तसाच आहे, तेवढंच सांगायचंय.

लातूर जिल्हा झाला त्या दुष्काळातली गोष्ट. नव्या कचेरीसमोर गिऱ्हाईक जास्त, म्हणून आपल्या फाट्यावरचे हाटेलवाले आप्पा गाशा गुंडाळून लातूरला निघाले. गावाला चार घटका टेकायला ती एकच जागा. सरपंच पारावर म्हणाले, "हाटेल गावानंच घेऊ. घरटी हिस्सा. ज्याचा हिस्सा तो मालक." ऐपतवाल्यांनी आप्पांचे पैसे भागवले, बाकीच्यांनी पत्रे दिले, बाकडी दिली, सरपण दिलं. एक म्हातारा ओरडला, "समदेच मालक झाल्यावर कपबश्या कोन इसळंल?" गाव पोट धरून हसलं. पण चहाला पाणी कुठलं? गावच्या आडात चिखल. पाणी होतं फक्त आपल्या बौद्ध वस्तीच्या हिरीला, जिथं गावातलं माणूस कधी वाकलं नव्हतं. सरपंच तुला म्हणाले, "तुझा हिस्सा पाण्याचा. रोज दोन टिपाडं." मागून कुणीतरी कुरकुरलं. तर ते म्हणतात, "आरं, उकळल्यावर पाण्याला जात ऱ्हात न्हाई!" तूही हसलास, बा. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

पहिली सकाळ. तू गाडीवरून टिपाडं उतरवतोस, पटक्यानं मान पुसतोस आणि लिंबाखाली उकिडवा बसतोस. खोडातल्या खिळ्याला कान तुटलेला तुझा कप, आप्पांच्या वेळचाच. भट्टीवरचा माणूस बाहेर येऊन वरूनच चहा ओततो, कपाला किटली लागू देत नाही. चहात पाणी आपलं, हाटेलात हिस्सा आपला.

"बा, आत चल की. आपन मालक हाव."

"आत दाटी हाय."

दाटी! दारालगतचं अख्खं बाकडं मोकळं होतं. पौर्णिमेला तू वंदना म्हणायचास तेव्हा तुझा आवाज शिवारापर्यंत जायचा. तिथं कुठं गेला होता तो?

मी उठलो. "पाण्याला जात ऱ्हात न्हाई, तर कपाला कशी ऱ्हाती?" असं ओरडत दारापर्यंत गेलो. आतल्या माना माझ्याकडं वळल्या. सरपंच बशी खाली न ठेवताच म्हणाले, "पोराला आवर रे." आणि तू आवरलंस. मागून दंड धरून ओढलंस, साऱ्या मालकांदेखत कानाखाली काढलीस. "मिळाल्याला हिस्सा घालवतू का?" म्हणालास. दुपारच्या गाडीनं मी गेलो.

मग मुखेडच्या बाजारात हमाली, लातूरला डाळमिल. तिथली धूळ तर... ते राहू दे. तिथं आप्पांच्या नव्या हाटेलात शिरलो, पंख्याखाली बसून दोन कप प्यालो. त्यांनी ओळखलंच नाही, उलट "या, बसा" म्हणाले. चहा पांचट होता. तू मेल्याचं तिसऱ्या महिन्यात कळलं. आई सांगते, शेवटच्या आठवड्यापर्यंत टिपाडं नेत होतास. कप लिंबालाच होता.

जाईन तिथं मी ही गोष्ट सांगतो. बाकड्यावर बसणारच होतो, बापानं ओढलं, असं. ऐकणारे म्हणतात, "वाघ हायस गड्या." मी मान डोलावतो.

गाडी लागली. हा कागद कुठं टाकायचा नाही, खिशातच राहील, म्हणून लिहितो. त्या दारात माझा पाय उंबऱ्यावर गेलाच नव्हता, बा. तू दंड धरलास तेव्हा, कानाखाली बसायच्या आधी, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.