व्हायोला मागे पडला ती संध्याकाळ

मास्टरसाहेब, काल संध्याकाळी तुम्ही पुन्हा आलात. मी खिडकीशी व्हायोलिन घेऊन बसले होते. या वयात बोटं आखडू नयेत म्हणून वाजवते तेवढंच. चार-पाच ओळी झाल्या आणि खालून तुमचा व्हायोला सुरू झाला, व्हायोलिनचा तो थोरला भाऊ, तोच घोगरा, छातीतून आल्यासारखा. सूनबाई म्हणते, "आई, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर आहे ती." असेलही. पण मोटर काही माझ्यामागून, बरोबर एक बार मागे राहून वाजत नाही. बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधली जागा, हे तिला समजावत बसले नाही. मी गज खाली ठेवला की तुम्हीही थांबता. मला भीती वाटते, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे. तुम्ही रागावलेले नसता, त्याचीच जास्त वाटते.

उस्मानपुऱ्यातल्या तुमच्या बाहेरच्या खोलीत वडील मला घेऊन आले, तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस अॅक्शन होऊन दोन-तीन वर्षं झालेली. निजामाच्या फौजेतला तुमचा बँड मोडला होता आणि तुमच्याबरोबर उभा जन्म व्हायोलिन वाजवलेले तुमचे दोस्त बायकापोरांसह कराचीला निघून गेले होते. तुम्ही का गेला नाहीत, असं मी पुढे एकदा विचारलं तर म्हणालात, "तिकडला उन्हाळा कसा असतो कुणाला ठावं. इथला तरी अंगवळणी पडलाय." त्या दिवशी तुम्ही एकटेच वाजवत बसला होतात. मध्येच गज उचलायचा, डोळे मिटून गप्प राहायचं, मान हलवायची, पुन्हा सुरू. वडील तहसील कचेरीतले कारकून, सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "विसरलात का काय?" तुम्ही समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलंत. "नाय साहेब. आता त्यांची पाळी हाय." वडील हसले. मला मात्र त्या खुर्चीकडे बघवेना, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही मला तिच्यावरच बसवलंत.

सिल्लोडकडच्या आमच्या भावकीनं वडिलांना वेड्यात काढलं. पोरीला सुई-दोरा शिकवायचा सोडून बाजा शिकवतोय म्हणे. मी शिकले. गजाच्या केसांना राळ किती लावायची, गज कसा पेलायचा, हे कुणीही शिकवलं असतं. तुम्ही शिकवलंत ते दोघांनी वाजवणं. त्यातला तुमचा कायदा एकच होता. "दोघांतला एक चुकला तं दुसऱ्यानं थांबायचं नाय. हातातला सूर धरून उभं ऱ्हायचं. वाट बघायची. येतंय माणूस." एकदा तुम्ही मुद्दाम चुकलात आणि मी हसून थांबले. तुम्ही माझ्या हातातला गज काढून घेतलात आणि म्हणालात, "जा घरी." तुमच्या घरच्या, आमच्या चाचींनी केलेला चहा तसाच राहिला. त्याच सुमाराला तुम्ही मला ते सांगितलं होतं, दाराकडे एकदा बघून, हळू आवाजात. डावा कान गेला होता. बँडमध्ये इतकी वर्षं नगाऱ्याशेजारी बसून गेला म्हणालात. "उजवा हाय तवर वाजवीन. ज्या दिवशी माझी चूक मला ऐकू येणार नाय, त्या दिवशी पेटी बंद. मग जगून काय ऐकायचं, बेटा?"

मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा तुम्ही ठरवलंत की आता चार माणसांना बोलवायचं. दोस्त गेल्यापासून तुम्ही लोकांसमोर वाजवलं नव्हतं. व्हायोलिनचा भाग ते बरोबर घेऊन गेलेले, म्हणून छावणीतल्या चर्चच्या पाद्रीसाहेबांकडून त्यांचं त्याच रचनांच्या स्वरलिपीचं जुनं पुस्तक मागून आणलं. महिनाभर त्यावरून तालीम केली आणि एकदाही चुकलो नाही. मग अगदी कार्यक्रमाच्या तोंडावर त्यांना पुस्तक परत हवं झालं, तेव्हा दोन दिवस घरी बसून मी सगळं वहीत उतरवून घेतलं. "एकदा ताडून बघता का?" मी विचारलं. तुम्ही राळेची डबी शोधत होतात. म्हणालात, "तू लिवलं ना? झालं मग."

शेजारून आणलेल्या खुर्च्या, दहा-बारा माणसं, तुमचे दोन जुने बँडवाले, कॉलेजातले एक प्राध्यापक, माझे वडील, पडद्याआड चाची. मगरिबची, दिवेलागणीची अजान संपेपर्यंत आपण थांबतो, मग तुम्ही मान लववता आणि आपण सुरू करतो. पहिल्या दोन रचना अशा झाल्या की बँडवाल्यांपैकी एकजण रुमालानं डोळे पुसत होता. तिसरीच्या मध्यावर काहीतरी सुटलं. माझे सूर तुमच्या सुरांवर आपटायला लागले. तुम्ही लगेच एक सूर लांब धरलात आणि माझ्याकडे पाहिलंत. वाट बघत होतात. मी वहीत पाहिलं, वहीप्रमाणे मी बरोबर होते. आणि मी थांबले. सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाले, "मास्टरसाहेब, तुम्ही एक बार मागे पडलात."

तुमचा गज तारेवरच राहिला. "व्हय?" तुम्ही म्हणालात. "मला तं बरोबर ऐकू आलं." मग स्वतःशीच मान हलवलीत आणि खूप हळू म्हणालात, "म्हंजे गेला." काय गेलं ते त्या खोलीत मला एकटीलाच कळलं. प्राध्यापक मला म्हणाले, कान तयार आहे मुलीचा. वडिलांची छाती फुगली. माझीही फुगली, लाज वाटते लिहायला. नंतर भाजीबाजारात चाची भेटल्या. "बाजे कू हात बी नई लगाते अब. बोलते, मेरी गलती मेरे कूच सुनाई नई दी." त्याच थंडीत तुम्ही गेलात. तापाचं निमित्त झालं, सगळे म्हणाले.

पुष्कळ वर्षांनी पाद्रीसाहेबांची पुस्तकं वाटून टाकली, तेव्हा ते जुनं पुस्तक माझ्याकडे आलं. वही शेजारी ठेवून मी ओळ न ओळ मोजली. तिसऱ्या रचनेत अगदी सारखे दिसणारे दोन बार लागोपाठ होते. मी एकच उतरवला होता. पहिला लिहून वर पाहिलं असेल आणि नजर दुसऱ्याच्या शेवटावर पडली असेल. तुम्ही मागे पडला नव्हतात, मास्टरसाहेब. मी पुढे गेले होते. तुमचा कान शेवटपर्यंत शाबूत होता.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकणार? वहीतच राहील. तेव्हा आता खोटं तरी कशाला लिहू. वरचं ते पुष्कळ वर्षांनी कळल्याचं खरं नाही. मला तिसऱ्या दिवशीच कळलं. मनात किडा वळवळत होता म्हणून मी छावणीत जाऊन पुस्तक मागितलं आणि चर्चच्या पायरीवर बसून बार मोजले. तिथून थेट तुमच्याकडे आले, सांगायलाच आले होते. दुपारची वेळ, चाची घरात नव्हत्या. दार नुसतं लोटलेलं. मी कडी वाजवली. आतून तुम्ही विचारलंत, "कोन हाय?" प्राध्यापकांचे शब्द अजून कानात होते, तोंड उघडेना. तुम्ही पुन्हा विचारलंत, जरा मोठ्यानं. मी कडीवरचा हात काढून घेतला. मग आत तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "दारातलं बी ऐकू येईना आता." मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता परत गेले.