हरकतीचा सातवा मुद्दा

सरावली,
९ फेब्रुवारी

प्रिय सुलू,

पाकिटावर ‘मा. उपसरपंच’ असं लिहिणार होते, पण हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवायचं आहे आणि दाराखालून आत जाताना पद आडवं येतं. समोरासमोर राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना पत्र लिहावं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. मधे साडेचार फुटांचा पॅसेज आहे. तो ओलांडून मी चौदा दिवसांत चार वेळा आले. तीन वेळा कुलूप होतं. चौथ्या वेळी आतून तुझ्या मिक्सरचा आवाज येत होता आणि मीच बेल न वाजवता परत फिरले. लिहायला बसले, कारण कागदावर मला कुणी मधेच तोडत नाही. तू तर नेहमीच तोडतेस.

आधी बातम्या देते. तुला गावाची खबर असते, बिल्डिंगची नसते. टाकीचा कॉक पुन्हा गळतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या दीपिकाने बाल्कनी काचेने बंद करून घेतली, आता तिला मत्स्यालयात बसल्यासारखं वाटत असेल. मागच्या त्या सात मजली टॉवरचे फ्लॅट ‘गार्डन फेसिंग’ म्हणून विकले जातायत. गार्डन म्हणजे पाड्यातल्या लोकांचा वाल आणि मिरच्या. टॉवरला रोज सकाळी तीन टँकर येतात आणि आपल्या गेटसमोर चिखल करून जातात. नवे लोक गाड्या घेऊन आले, पाणी घेऊन आले नाहीत. हे सगळं मी तुला बाकावर सांगितलं असतं. पण बाकावर हल्ली वेगळी माणसं बसतात.

बघ, आलेच मी तिथे. तो विषय शेवटी काढायचा असं ठरवलं होतं.

तुला आठवतं, कंपनीच्या बसमध्ये तू पहिल्यांदा माझ्याशेजारी बसलीस तेव्हा मी खिडकी सोडली नव्हती? तू पॅकिंगमध्ये नवी, मी साहेबांची स्टेनो, कॉन्व्हेंटची, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारी. तू म्हणालीस, “हरकत नाय, मी मधे बसते.” तेव्हापासून तुझं ते ‘हरकत नाय’ ऐकतेय. भाजीत मीठ कमी पडलं, हरकत नाय. बढती दुसरीला मिळाली, हरकत नाय. तुझा नवरा गेला त्याच्या तेराव्याला मी रडत होते आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवून तेच म्हणालीस. लग्न मी केलं नाही, त्याबद्दल लोकांनी काय काय विचारलं. तू एकटीने कधी विचारलं नाहीस. समोरासमोर फ्लॅट घेतले तेव्हा बिल्डर म्हणाला होता, बहिणी का? तू हो म्हणालीस. मी त्याला दुरुस्त केलं नाही, आणि मी दुरुस्त करत नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत.

तू निवडणुकीला उभी राहिलीस तेव्हा पत्रक कुणी लिहिलं? मी. तुझं पहिलं भाषण कुणी पाठ करून घेतलं? मी. आपल्याकडे सरपंचपद आदिवासींसाठी राखीव, तेव्हा पाड्यातली तानी सरपंच झाली आणि तू उपसरपंच. मला आनंद झाला होता. खरंच झाला होता, पेढे मी वाटले. मला वाटलं, मीटिंग महिन्यातून एक, बाकीच्या संध्याकाळी आपल्या. मग तानीची ती लाल स्कूटर आली. सकाळी नऊला खाली हॉर्न, आणि तू पोळी तोंडात धरून जिना उतरतेस. पालघरला जिल्हा परिषदेत, मासवणला पाण्याची योजना बघायला, कुठे कुठे. पासष्टाव्या वर्षी साडीवर हेल्मेट! मी गॅलरीतून बघायची. तू एकदाही वर बघितलं नाहीस.

तेही मी गिळलं. केळवं मात्र गिळता आलं नाही. तुझ्या माहेरी डिसेंबरात आपण किती वर्षं जातोय? अठ्ठावीस. तुझी वहिनी माझ्यासाठी कमी तिखटाचं कालवण वेगळं काढते. या डिसेंबरात मी बॅग माळ्यावरून काढली होती, झटकून ठेवली होती. आणि शनिवारी दुपारी तुझं स्टेटस बघितलं. शितलादेवीच्या देवळासमोर तू आणि तानी, हातात शहाळी, तानीच्या डोळ्यांवर तुझा गॉगल. खाली लिहिलंय, ‘कामातून थोडा वेळ’. तू परत आल्यावर म्हणालीस, “अगं, तिकडची पाइपलाइन बघायला गेलेलो, जाताजाता घरी डोकावलो.” मी म्हटलं, हरकत नाही. त्या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा तुझा शब्द चोरला आणि खोटा वापरला.

पुढच्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची नोटीस गेटवर लागली. पाड्यातल्या बासष्ट घरांना नळ देण्यासाठी पाइप आपल्या डाव्या बाजूच्या गल्लीतून जाणार, ‘हरकती व सूचना’ पंधरा दिवसांत द्याव्यात. मी सोसायटीची सचिव. निधी मंजूर आहे, मार्चअखेर काम झालं नाही तर तो परत जातो, हे मला माहीत होतं. तूच चहा पिताना सांगितलं होतंस, जेव्हा आपण चहा पीत होतो तेव्हा. नोटिशीच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता मी दोन कप घेऊन खाली आले होते. गल्लीत, आपल्या कडाप्प्याच्या बाकावर, कढीपत्त्याखाली, माझ्या जागेवर तानी बसली होती. मांडीवर नकाशा. तू डब्यातून तिला बोंबलाची चटणी चाखायला देत होतीस. मी दोन्ही कप घेऊन वर गेले आणि दोन्ही चहा एकटीने प्यायले. रात्रभर पित्त झालं.

हरकत मी बाराव्या दिवशी दिली. सहा मुद्दे. इमारतीचा पाया, ड्रेनेजची जवळीक, ज्येष्ठ नागरिकांची वहिवाट, झाडाचं नुकसान, बाहेरच्या व्यक्तींची वाढती ये-जा, पर्यायी मार्गाचा विचार न होणे. सात जणांच्या सह्या घेतल्या. त्यातल्या पाच जणांनी वाचलंही नाही. मी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं ते म्हणाले. ग्रामसेवक अंकुश कागद बघून म्हणाला, “मॅडम, इतकी चांगली हरकत आजवर आली नाय.” मला अभिमान वाटला, सुलू. लाज नाही वाटली, अभिमान वाटला.

मग सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. तो कागद मोठ्याने वाचायची पाळी तुझ्यावर येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एकतीस वर्षं सरकारी कागदातले अवघड शब्द तू माझ्याकडून समजून घेतलेस आणि त्या दिवशी तेच शब्द मी तुझ्या वाटेत टाकले. ‘वहिवाट’ला अडखळलीस. पाचव्या मुद्द्याला थांबलीस. पुढे सतरंजीवर पाड्यातल्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात तानीची आई लाडकी, जिने आपल्या बिल्डिंगचे जिने दहा वर्षं पुसले. तू वाचलंस, ‘बाहेरच्या व्यक्तींची’. लाडकी मोठ्याने हसली. “आमी भायेरचे? आगं, तुमची बिल्डिंग माझ्या सासऱ्याच्या भाताच्या खाचरावर हाय! पाऊस पडला का तुमच्या पार्किंगमदी आजून बेडकं येतात, ती आमचीच.” अख्खी सभा हसली. हसली नाही ती तानी. ती म्हणाली, “गप ऱ्हावा. हरकत लिवून दिलीय, ती नोंदवायची. हरकत हाय तवर काम नाय. दहा फेब्रुवारीपर्यंत मागं घेतात का बघू, नायतर मार्चात काम व्हायचं नाय.” आणि मग मागच्या रांगेकडे बघून म्हणाली, “दर्शीबाय, तुमी बोला की.”

दर्शीबाय! माझं नाव प्रियदर्शिनी आहे. ऑफिसात मिस होते, सोसायटीत मॅडम आहे. दर्शी म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय. त्या क्षणी मला पायाचं, ड्रेनेजचं काही सुचलं नाही. एवढंच वाटलं, की हेसुद्धा तू तिला देऊन टाकलंस. गॉगल, चटणी, केळवं, बाकावरची जागा, आणि आता माझं नाव. मी उठून निघून आले. लोकांना वाटलं, मला लाडकीचा राग आला. लाडकीचं बोलणं खरं होतं, खऱ्याचा राग मला येत नाही.

त्यानंतर तू आली नाहीस. तू रागावली असशील. रागावतेस कशी ते मला माहीतच नाही, कधी बघितलं नाही.

पण काल तानी आली. तू तिला पाठवलं नव्हतंस हे मला ठाऊक आहे, कारण चप्पल बाहेर काढताना ती तुझ्या दाराकडे चोरून बघत होती. मी बस म्हटलं नाही, तीच बसली. विनवण्या करेल म्हणून मी तयारीत होते. तिने आधी पाणी मागितलं. प्यायली, पेला स्वतः विसळून पालथा घातला. त्यांच्या पाड्यात बायका हापशावर पहाटे रांग लावतात, आणि तिने तो पेला घोटभर पाण्यात विसळला, हे मी बघत राहिले. मग तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. पिवळा, घडीवर फाटलेला. म्हणाली, “आयशीनं रेशनकार्डासंगं ठेवलेला. ह्ये तुमचंच हाय ना?”

माझाच होता. ऑफिसच्या त्या जुन्या मराठी मशीनवर ‘ह’ नेहमी ओळीच्या वर उडायचा, तो तसाच उडालेला. वीस वर्षांपूर्वीचा अर्ज, पाड्याला नळ मिळावा म्हणून. तूच लाडकीला माझ्याकडे आणलं होतंस, जेवणाच्या सुट्टीत. मी डबा खाता खाता टाइप केला होता आणि विसरून गेले होते. शेवटचं वाक्य असं आहे: ‘सदर कामास परिसरातील कोणाचीही हरकत नाही.’ कोणाला विचारलं होतं मी? कोणालाच नाही. तेव्हा मला वाटलं होतं, पाण्याला कोण हरकत घेईल!

तानी त्या वाक्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने विचारलं ते वेगळंच. पाइप बाकाच्या बाजूने नेला तर बाक काढावा लागेल, भिंतीच्या बाजूने नेला तर कढीपत्ता. “तुमी सांगा, काय ठेवू?” मी फटकन म्हटलं, उपसरपंचांना विचार. तर ती हसली. “सुलूताईला काय इचारू? गाडीवर मागं बसली का दर्शी आसं म्हणते, दर्शी तसं म्हणते. केळव्याला जाताना पालघरपासून सुरू. दर्शीला हे कालवण, दर्शीला ते देऊळ. माझं कान किटलं. तुमच्या हरकतीखाली प्रियदर्शिनी वाचलं तवा मीच सुलूताईला इचारलं, ही कोण बाय? मला वाटलेलं तुमचं नावच दर्शी.”

सुलू, मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर बराच वेळ तो पालथा पेला बघत बसले होते.

शाळेत सिस्टर फ्लोरा म्हणायच्या, सुंदर अक्षरात लिहिलेलं खोटं हे खोटंच असतं, फक्त त्याला जास्त मार्क मिळतात. माझ्या हरकतीतले सहाही मुद्दे सुंदर अक्षरात होते. सातवा लिहिला नव्हता, तो आता लिहिते. मुद्दा सात: अर्जदार मत्सराने पेटली होती. बासष्ट घरांचं पाणी तिने एका बाकासाठी अडवलं. राग अजून पूर्ण गेलेला नाही, हेही नोंदवून घ्यावं. केळव्याचं मी लवकर विसरणार नाही.

उद्या दहा तारीख. सोबतच्या दुसऱ्या पाकिटात हरकत मागे घेतल्याचं पत्र आहे. आज दुपारी सातही घरांच्या बेला वाजवून सह्या घेतल्या आणि या वेळी प्रत्येकाला आधी वाचायला लावलं. पाचव्या मुद्द्याबद्दल लाडकीची माफी मी स्वतः जाऊन मागेन, ते तुझ्यावर टाकत नाही. नोटिशीत ‘हरकती व सूचना’ असं होतं, म्हणून एक सूचना मात्र जोडली आहे आणि ती मी सोडणार नाही: पाड्याची लाइन स्वतंत्र राहावी, गार्डन फेसिंगवाल्यांना तिच्यावर जोड देऊ नये. बिल्डर येईल गोड बोलायला, तेव्हा तू हरकत नाय म्हणशील, म्हणून लेखी देते आहे. उद्या पाच वाजायच्या आत हे अंकुशच्या हातात दे आणि पोच घे. कढीपत्ता ठेवा, तो पुन्हा एवढा व्हायला दहा वर्षं लागतील आणि आपल्याकडे ती नाहीत. बाक काढा. पाड्याच्या तोंडाशी, जिथे पहिला नळ बसेल, तिथे तो टाका. पण जरा लांब बनवायला सांग, दोघींचा होता, आता तिघी बसायच्या आहेत. मधे मी बसणार. आणि तानीला सांग, दर्शीबाय म्हणाली तर हरकत नाय.

दार उघडं ठेवलंय.

तुझीच,
दर्शी