कलम चारमधला एकच बदल

सातवीत, यवतमाळच्या कॉन्व्हेंटमध्ये, मी आणि रुबीना खिडकीच्या काचेवर बटर पेपर धरून नकाशे गिरवत होतो. सिस्टरने माझा कागद पुस्तकातल्या नकाशावर ठेवला. श्रीलंका राहून गेली होती. रुबीना गंभीरपणे म्हणाली, "सिस्टर, पोहायले गेली असंन." दोघींना बाकावर उभे केले. तिथेही हसतच होतो.

ते आठवून आजही हसू येत असले, तरी मी, विमल घनश्याम ढोले, वय ६३, राहणार दिग्रस, पूर्ण भानावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हे माझे दुसरे मृत्युपत्र. पहिले रद्द समजावे.

कलम १. राहते घर मुलगी अपेक्षा हिला.

कलम २. तुरीचे दोन एकर मुलगा बंटी याला. भांडायला काही ठेवलेले नाही, तरी भांडतील.

कलम ३. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी संगणकाच्या स्क्रीन बनवणारे आमचे ऑफिस अपेक्षाला. अट अशी: स्क्रीन बदलणाऱ्याने जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी लावावे, बदललेल्या जागेभोवती गोल काढावा, का बदलले ते दोन ओळींत लिहावे आणि एका वेळी एकच बदल पाठवावा. तपासणाऱ्यालाही घरी जेवायला जायचे असते.

२००६ च्या हंगामात माझी भागीदार रुबीना हिने एका दमात चाळीस बदल पाठवले. त्यात 'स्वीकार'च्या जागी 'परत' हे बटण आले. जिनिंगच्या फाटकावरच्या नागोरावांनी सवयीने तिथेच दाबले, आणि दुपारपर्यंत सव्वीस गाड्या कापूस माघारी गेला. भाव रोज उतरत होता. लोकांनी तो दुसऱ्या दिवशी कमी भावात दिला. मी रुबीनाला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. ती वणीला जाऊन कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यासाठी स्क्रीन बनवू लागली. आठ वर्षे अबोला. पहिल्या मृत्युपत्रात कलम ४ असे होते: "रुबीनाला काही नाही."

आता खरे लिहिते. त्या चाळीस बदलांना न पाहता होकार मीच दिला होता.

सोमवारी वणीहून पाकीट आले. जुनी स्क्रीन छापलेली, नवी बटर पेपरवर हाताने काढलेली, एका बटणाभोवती हिरवा गोल. मागे लिहिले होते: "विमल, पाहून दे. एकच बदल हाय. श्रीलंका जागेवर हाय." मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले. ते बटण सोडून सगळे तंतोतंत. इतकी हसले की अपेक्षा पाणी घेऊन धावत आली.

फोन करून म्हटले, "पाह्यलं. चालू कर."

पलीकडून रुबीना म्हणाली, "आठ वर्षं लावली वं बाई तपासाले."

म्हणून वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी जुने मृत्युपत्र डावीकडे आणि हे उजवीकडे टाचले आहे. बाकी वाटण्या त्याच. बदल एकच, भोवती हिरवा गोल.

कलम ४. खिडकीजवळचे माझे टेबल, आणि प्रत्येक स्क्रीनला शेवटचा होकार देण्याचा माझा हक्क, रुबीना इम्तियाज शेख हिला. अपेक्षाने तिला विचारल्याशिवाय एक बटणही हलवू नये. रुबीना माझ्या आधी गेली, तर मी तिसरे मृत्युपत्र लिहीन आणि तिच्याशी पुन्हा बोलणार नाही.

ट्रंकेत तळाशी सातवीतला तो नकाशा आहे. तोही तिलाच द्यावा. श्रीलंका तिने काढावी. या एका बदलाला माझा न पाहता होकार आहे.

सही: विमल घ. ढोले
आमच्यादेखत सही केली. सही करताना हसत होत्या:
१. परवेज खान, मोटार मेकॅनिक, दिग्रस
२. पूनमसिंग राठोड, निवृत्त शिक्षक, दिग्रस
ठिकाण: दिग्रस, जि. यवतमाळ
दिनांक: २० नोव्हेंबर २०१४