घाटातले आकडे

६ जानेवारी, सोमवार

शेवटचा नंबर — बाबा!

यादी मीच छापली, मीच गोदामाच्या फलकावर लावली. बेचाळीस गाड्या, बेचाळीस ड्रायव्हर. सगळ्यात खाली गोरख ओव्हाळ, ॲव्हरेज ३.४. त्याच्याखाली माझी सही. रुपाली गोरख ओव्हाळ, डिझेल बचत कक्ष. कक्ष म्हणजे एक टेबल आणि एक मोडका पंखा, पण नाव भारी.

हिशोब सोपा आहे. खेप संपली की आवारातल्या पंपावर टाकी परत काठोकाठ भरायची. जेवढं डिझेल बसलं त्याने किलोमीटर भागायचे. आलं ॲव्हरेज. कंपनीला वर्षभरात धूरही कमी करायचाय आणि खर्चही. मार्चअखेर जे तळाला असतील ते घाटावरून खाली — म्हणजे आवारात गाड्या मागेपुढे करायच्या, बस.

भिमाजीभाऊ बाबांबरोबरचे जुने ड्रायव्हर. सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाला शिकवता येईना, आन् आमाला शिकवाय निघाली!" सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

घरी आल्यावर मात्र सगळं बाबांवर काढलं. ते शांतपणे म्हणाले, "रुपे, घाट उतरायच्या आदी खंडाळ्याला इंजन चालूच ठिवावं लागतं. हवेचा काटा भरंपर्यंत. ब्रेक हवेवर हायेत." मी म्हटलं, उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटांत बंद, हा नियम आहे. आकडे खोटं बोलत नाहीत, बाबा. हे वाक्य मी प्रशिक्षणात सगळ्यांना ऐकवते. घरात पहिल्यांदाच ऐकवलं.

नंतर मोरीत जाऊन रडले. नळ सोडून. तरी त्यांना कळलं असणार, आमचं घर केवढं!

१० जानेवारी, शुक्रवार

माझा बोनस जमा झाला. सगळा बाबांच्या हातात दिला — कवळीसाठी. डिसेंबरात वरचे सगळे दात काढले तेव्हापासून आमटीत भाकरी कुस्करून खातायत. जेवताना आमच्याकडे पाठ करून बसतात, लाज वाटते म्हणे. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हिरड्या भरल्या की माप घेऊ.

पैसे घेताना म्हणाले, "एवढं कशापायी?" पण खूश होते. बोळकं हसताना किती गोड दिसतं, हे त्यांना सांगायचं राहिलं.

२० जानेवारी, सोमवार

टाक्यांत सेन्सर बसले. डिझेल एकदम कमी झालं की चोरी समजायची, माझ्या फोनवर घंटा वाजते. पण घाटात गाडी तिरकी झाली की टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं आणि सेन्सर येडा होतो. दोन दिवस घंटा थांबेना! शेवटी मीच नियम लिहिला — लोणावळा ते खोपोली, टाकीचे आकडे धरायचे नाहीत. गोदामाचे मॅनेजर अमृत सर म्हणाले, हुशार आहेस. सरांच्या तोंडून असं काही निघणं म्हणजे नवलच.

२७ जानेवारी, सोमवार

बाबा ३.९!!

बेचाळिसाव्यावरून सव्विसाव्यावर. भिमाजीभाऊंना मुद्दाम फलकापाशी बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हातारं सुधारलं की!" घरी विचारलं, काय केलंत? म्हणाले, "तू सांगितलं तसंच चालवतो आता."

मी सांगितलं तसं!

१५ फेब्रुवारी, शनिवार

आई वैतागलीय. बाबांच्या डब्याच्या पिशवीला डिझेलचा वास येतो, दोनदा धुतली तरी जात नाही. मी म्हटलं, ड्रायव्हरच्या पिशवीला काय अत्तराचा येणार?

कवळीचं विचारलं. "डॉक्टर गावाला गेलाय." बरं.

३ मार्च, सोमवार

बाबा तिसरे. ४.३.

मुंबईहून मोठे साहेब आले होते. अमृत सरांनी मला उभं केलं. मी पडद्यावर बाबांच्याच ॲव्हरेजची चढती रेघ दाखवली. नाव न घेता. 'एक अनुभवी चालक, केवळ सवयी बदलून.' टाळ्या पडल्या. एप्रिलपासून चारही गोदामांचं काम माझ्याकडे!

बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग डोळे पुसायला बाहेर गेले. मी आत पेढे मोजत बसले, किती जणांना पुरतील ते.

कवळी? "हिरडी दुखतीय अजून." हट्टी आहेत. मीही त्यांचीच.

२२ मार्च, शनिवार



दुपारी गेटवर नथूने बाबांची पिशवी तपासली. डब्याखाली पाच लिटरचा कॅन. रिकामा — पण आतून डिझेलने ओला. नथू पहारेकरी साधा माणूस. तो बिचारा सारखा म्हणत होता, "भाऊ, सांगा की कायतरी, सांगा की!"

अमृत सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, भरलेला नेतात, वाटेत विकतात, रिकामा परत आणतात. हे काय नवीन आहे का? मी चाचरत म्हटलं, पण सर, त्यांचं ॲव्हरेज तर चांगलं आहे. सर म्हणाले, "वाचवतात तेवढं विकतात. नाहीतर अजून वर गेलं असतं." मला पटलं. आज इथे लिहिते — मला पटलं.

बाबांना आत बोलावलं. सरांनी विचारलं, चोरलंत? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, "व्हय. चुकलं माझं."

माझ्याकडे बघून पोलिसांत दिलं नाही. राजीनाम्यावर सही घेतली. सव्वीस वर्षं गाडी घाटातून उतरवली त्यांनी, तिला एक ओरखडा नाही. किल्ली टेबलावर ठेवली. तिच्या दोऱ्यातला निळा मणी काढून घेतला. तो मी शाळेत असताना ओवलेला.

२३ मार्च, रविवार

मी त्यांना म्हटलं, "माझ्या तोंडाला काळं फासलंत."

आईने माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दरवर्षी बाबा पहाटे पांढरा सदरा घालून विहारात पहिले हजर. झेंड्याची दोरी त्यांच्याच हातात असते. या वर्षी सदरा आईने इस्त्री करून खुंटीला लावला होता. संध्याकाळी तसाच घडी घालून ठेवला.

लोक विचारत होते, गोरखभाऊ कुठे? मी म्हटलं, ताप आहे.

खोटं बोलायला मला अजिबात जड गेलं नाही.

१८ मे, रविवार

इंदुरीच्या किल्ल्यापाशी, रस्त्याकडच्या दगडावर बसून असतात. गाड्या बघतात. आवाजावरून सांगतात म्हणे, याचा ब्रेक घासतोय, त्याला हवा धरत नाही. आईला सांगतात. मला नाही.

दोन महिन्यांत आम्ही बोललो ते एवढंच — "चहा?" "ठेव."

९ जून, सोमवार

विजेवरचे ट्रक येणार, जुन्या गाड्या विकणार. पहिल्यांदा बाबांचीच जाणार. घाट चढायला किती ताकद लागते हे बॅटरीवाल्यांना हवंय, म्हणून सरांनी सांगितलं — घाटातले आकडे परत उघड, जानेवारीपासूनचे सगळे.

उद्या बसेन. त्या गाडीचा नंबर नुसता वाचला आणि फाईल मिटली. राग अजून आहे. माया पण आहे. दोन्हींना एकच नंबर.

१० जून, मंगळवार

बाबांच्या गाडीच्या टाकीची रेघ उघडली. खंडाळा. गाडी सपाटीवर उभी, इंजिन चालू, हवा भरतेय. आणि टाकीतलं डिझेल वाढलंय. पाच लिटर. दुसऱ्या खेपेला पाच. तिसऱ्या खेपेला पाच. मार्चपर्यंत प्रत्येक खेपेला. एकदम कमी एकदाही झालेलं नाही.

चोरीने ॲव्हरेज पडतं. हे मीच शिकवते. बाहेरचं ओतलं की पंपावर कमी बसतं, ॲव्हरेज चढतं.

घरी आले. बाबा पाठ करून भाकरी कुस्करत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. विचारलं, "कवळीचे पैसे टाकीत ओतलेत?"

ते म्हणाले, "यादीत सगळ्यात खाली माझं नाव, रुपे. आन् त्याच्याखाली लगेच तुझी सही. लोकं दोनी संगंच वाचायची."