पलाऊ म्हणजे पलाव नव्हे

प्रति,
मा. कार्यवाह अप्पासाहेब,
श्री जोतिबा मराठी विद्यावर्धक मंडळ,
जयनगर, बेंगळूरु.

विषय : पलाऊ येथे समुद्राखाली जाण्यासाठी बारा दिवसांची रजा मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दि. २ जानेवारीचा अर्ज व त्यावर मंजूर झालेली अर्ध्या दिवसाची रजा.

महोदय,

१. सदर अर्जदार वसुमती मोहिते, वय ५६, ही मंडळाच्या शाळेत एकतीस वर्षे ग्रंथपाल आहे. तिने बारा दिवस मागितले असता "पलावासाठी अर्धा दिवस पुरे. येताना कार्यालयासाठीही आणावा" असा शेरा आपण मारलात. आपल्या गावात पुलावाला पलाव म्हणतात, हे अर्जदाराला मान्य आहे. परंतु पलाऊ हा प्रशांत महासागरातला देश असून तिथे ताटावर बसायचे नसते, पाण्यात उतरायचे असते.

२. शेऱ्याची बातमी शाळाभर पसरली. सोमवारी शिपाई रघुजी अण्णा रिकामा डबा घेऊन ग्रंथालयात आले आणि "अक्का, आमच्यासाठी स्वल्प तरी ठेवा" म्हणाले. मंगळवारी गणिताच्या संपदाबाईंनी कोशिंबिरीची जबाबदारी घेतली. अर्जदाराने नकाशा उघडून दाखवला, तेव्हा एवढ्या लांबून आणेपर्यंत पलाव विटेल, अशी काळजी सर्वांना लागली. अर्जदाराने कपाळावर हात मारून घेतला.

३. अर्जदार गंमत म्हणून जात नाही, असे इथे लिहायची रीत आहे. पण ते खोटे ठरेल. ती गंमत म्हणूनच जात आहे. एचएसआर लेआउटमधल्या पोहण्याच्या तलावात पाठीवर हवेची टाकी बांधून डायव्हिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. शिकवणारे शंतनु तिच्यावर खेकसतात आणि तिला त्याचे काही वाटत नाही. एकतीस वर्षे ती "शांतता राखा" सांगत आली. पाण्याखाली ते कोणालाच सांगावे लागत नाही, सगळ्यांच्या तोंडात नळी असते. तिथे खाली गेल्यावर अर्जदाराला फार, फार बरे वाटते.

४. पलाऊला जाणारी डायव्हिंगची तुकडी १८ फेब्रुवारीस निघते. अर्जदाराच्या कानांचा पुढच्या वर्षी नेम नाही, असे डॉक्टर म्हणतात. सबब बारा दिवसांची रजा मंजूर व्हावी. ते शक्य नसल्यास सोबतच्या शेवटच्या कागदावर आपल्या हस्ताक्षरात तारीख घालावी. ती जागा कोरी ठेवली आहे.

आपली, निदान सतरा तारखेपर्यंत तरी, आज्ञाधारक,
वसुमती गुरुदत्त मोहिते
दि. २७ जानेवारी

सोबत :
डॉक्टरांचा दाखला
डायव्हिंग उत्तीर्ण झाल्याचा दाखला
प्रशांत महासागराचा नकाशा (पलाऊभोवती लाल गोल केला आहे)
राजीनामा