मागून लोटलेली फियाट

दादा,

मी मागून गाडी लोटत होते आणि तू स्टिअरिंगवर बसून गल्लीतल्या लोकांना हात दाखवत होतास. बॅटरी उतरली होती. तू क्लच एकदम सोडलास, म्हणून फियाट झटके खाऊन बंद पडली. उतरून तू सगळ्यांसमोर म्हणालास, "दीपा, इंजिन बरोबर नाही बसवलं तुनं."

शेजारच्या विमलकाकू म्हणाल्या, "काहून रे धम्मा, पोरीले बसू दे ना गाडीत. तिनंच तं बनवली."

"तिले चालवाले कुठी येते, काकू? मीनंच फोनवर सांगून सांगून करून घेतलं सारं."

लोक हसले. मीही हसले, त्याचा राग अजून जात नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या या फियाटबद्दल तू फोनवर एवढंच म्हणाला होतास, हे डबडं भंगारात दे. गंजलेला पत्रा मी कापला. कार्बोरेटर आईच्या जेवणाच्या ताटात उघडला, म्हणून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मध्ये एकदा तू आलास, बंपरवर बूट टेकवून नाडी बांधलीस आणि गेलास. आता रंग चढला, तर गाडी नागपूरला तुझ्या दारात शोभेल म्हणतोस. आज सासुरवाडीला मुक्काम करून उद्या न्यायला येणार आहेस.

बॅटरी चार्जिंगला लावली आहे. चालवायला मी केव्हाच शिकले. तू कधी विचारलं नाहीस.

गाडी मिळणार नाही.

दीपमाला

सकाळी दादा आला. मी गाडी सुरू केली, त्याला शेजारी बसवलं, राळेगावच्या एसटी स्टँडवर सोडलं आणि घरी आले. पत्र दिलं नाही.